बहुमताने ठरलेला जबडा

वाशीतल्या आमच्या सोसायटीत सगळं बहुमताने ठरायचं. पाण्याची मोटर कधी लावायची तेही आणि गणपतीत पडदा कुठल्या रंगाचा तेही. बाबा सेक्रेटरी. हात वर झाले की विषय संपला. माझा जबडा त्यांनी असाच निकालात काढला.

माझा खालचा जबडा वरच्याच्या पुढे होता. समोरचे दात जुळायचे नाहीत, पेरूसुद्धा दाढेखाली धरून तोडावा लागे. पण पेरूचं कोणाला पडलंय? घरी काळजी माझ्या लग्नाची. मग खाडीपलीकडे मुंबईत सर्जनांकडे खेटे सुरू झाले.

पहिले सर्जन मोठ्या नावाचे. त्यांनी एक्स-रेवर पातळ कागद ठेवून जबडा गिरवला, कात्रीने कापला, मागे सरकवला. "खालचा मागे घेऊ," म्हणाले. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसरे त्यांचेच विद्यार्थी. गुरूचं नाव ऐकताच खुर्चीत सावरून बसले. "सर म्हणतात ते योग्यच." याला म्हणे सेकंड ओपिनियन.

तिसरी तरुण डॉक्टर. तिने मला बाजूने पाहिलं, हसायला लावलं, चावायला लावलं. "खालचा ठीक आहे हो, वरचाच मागे राहिलाय, म्हणून नाकाच्या बाजू बसक्या दिसतात. वरचा पुढे आणू. खालच्यातून ओठाची नस जाते. ती दुखावली तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते."

घरी येऊन बाबांनी जाहीर केलं, "दोन विरुद्ध एक." शेजारच्या बँकवाल्या काकांनी एक्स-रे ट्यूबलाइटसमोर उलटा धरला आणि अनुमोदन दिलं.

"बाबा, दुसऱ्यांनी स्वतःचं मत दिलंच नाही. आणि तोंड माझं आहे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

काकांना कळत होतं, मला नाही. धन्य आहे.

मोठ्या नावाच्या सरांनीच ऑपरेशन केलं, खालचा मागे घेतला. दात जुळले, पेरू तुटला. नाकाच्या दोन्ही बाजू मात्र बसक्याच राहिल्या. सोसायटी पेढे घेऊन आली आणि मी छान दिसते असं एकमताने ठरलं. खालच्या ओठावरून चहा ओघळला तरी मला पत्ता नसायचा. आई पदराने टिपायची तेव्हा कळायचं. मी सरांना सांगितलं. त्यांनी नवा एक्स-रे बघितला, खूश झाले. "संवेदना येईल हळूहळू."

लग्न झालं, मुलगी झाली. तान्ही असताना ती माझ्या हनुवटीला गाल लावून झोपायची. बघणारे म्हणायचे, काय मऊ गाल आहेत पोरीचे. मी बोट लावून बघायचे.