भडक्या, गडी आणि तिरंदाज

मी अकोल्यात एका शाळेत गणित शिकवतो आणि रविवारी जेवणाआधी दोन तास कॉम्प्युटरवर तलवार घेऊन माणसं कापतो. चाळिशीला टेकलेल्या मास्तरानं हे सांगू नये, पण आता लपवून तरी काय करायचं आहे? बायको म्हणते, "लोकाईचे नवरे आईतवारी मटन आनतात, आमचे लोखंडी कपडे घालून हिंडतात." खोटं नाही. खेळ युरोपातल्या जुन्या काळातला आहे. किल्ले, चिलखतं, चिखल, आणि दोन फौजा, एक तांबडी नि एक निळी. कुठले कुठले पन्नास-साठ लोक आपापल्या घरी बसून एकाच मैदानात उतरतात. उतरण्याआधी आपण कोण व्हायचं ते निवडावं लागतं. शिपाई चार प्रकारचे. त्यातला सगळ्यात चांगला कोणता, यावर इंटरनेटवर पोरं एकमेकांचे आईबाप काढेपर्यंत भांडतात. मीही भांडलेलो आहे.

पहिला चिलखतवाला. डोक्यापासून पायापर्यंत लोखंड, चाल गाभण म्हशीची, पण दहा घाव बसले तरी पडत नाही. त्याला आम्ही 'पाटील' म्हणायचो. दुसऱ्याच्या अंगावर लोखंड कमी आणि हातात दोन्ही मुठींनी धरायची लांब तलवार. धावत जाऊन घातली की समोरच्याचा एका घावात निकाल. हा 'भडक्या'. याची एक खोड वाईट. गर्दीत तलवार आडवी फिरवली की शत्रूबरोबर शेजारचा आपला माणूसही कापला जातो. तिसरा 'गडी'. हातात भाला, झोळीत पट्ट्या. पडलेल्याला उठवायचं, जखमीला बांधायचं, आणि शेवटी गुणांच्या यादीत कुठंतरी खाली सापडायचं. चौथा तिरंदाज. लांब टेकाडावर उभा राहून बाण सोडणारा. त्याला दोन्हीकडून शिव्या. समोरचे देतात कारण तो मारतो, आणि आपले देतात कारण तो जवळ येऊन मरत नाही. तिरंदाजाबद्दल माझं मत फार वाईट होतं. भित्रा माणूस तिरंदाज होतो, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

मी कायम भडक्या. माझा चुलतभाऊ कायम गडी. ही वऱ्हाडी नावं त्यानंच ठेवलेली.

तो माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी मोठा. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात एकाच घरात वाढलो, एकाच वर्गात बसलो, आणि कॉलेजला अमरावतीत एकाच खोलीत राहिलो. राजापेठेत एक नेट कॅफे होता, तिथे या खेळाचा जुना अवतार आम्ही शेजारी शेजारी बसून खेळायचो. चित्रं ओबडधोबड होती, पण शिपाई हेच चार. खेळायला टोपणनाव लागतं. आमच्या घरच्या बैलजोडीतल्या उजव्या बैलाचं नाव मी घेतलं, डाव्याचं त्यानं. भडक्या मोठा की गडी, यावर आम्ही खोलीवर परत येईपर्यंत वाद घालायचो. "तू मारतं, म्या उचलतो," तो म्हणायचा, "पन उचलनाराच नसन त तू किती येळ मारशीन बे?" मी म्हणायचो की मारणाराच नसेल तर उचलायची वेळच येणार नाही, आपण सगळेच आडवे. यात मी जिंकलो असं मला वाटायचं. तो नुसता हसायचा.

मग आमच्या बापांचं धुऱ्यावरून बिनसलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधली बांधाची पट्टी. माझ्या वडिलांचं म्हणणं, धुऱ्याचा दगड बाभळीपाशी होता. काकांचं म्हणणं, विहिरीकडे, आठ हात अलीकडे. गावातले चार जाणते लोक वावरात येऊन बसले. म्हातारे म्हणाले, मोठी माणसं आपापल्या सोयीचं बोलतील, ही पोरं इथंच खेळून मोठी झाली, यांना विचारा. आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, विहिरीकडे. मग मला विचारलं. वडील समोर बसलेले होते. मी म्हणालो, बाभळीपाशी.

दगड विहिरीकडेच होता. त्याच दगडावर बसून आम्ही दोघांनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्लेल्या होत्या. पण मी वर्गात पहिला येणारा पोरगा, मी कशाला खोटं बोलेन, असं लोकांना वाटलं असावं. आठ तासांची पट्टी आमच्याकडे आली. तास म्हणजे पेरणीची ओळ, आठ ओळींनी काही कोणी राजा होत नाही. पण तो चारचौघांत खोटा ठरला, आणि त्याला खोटं मी ठरवलं. त्यानं तिथे माझ्याकडे एकदा पाहिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी वडिलांनी मला सांगितलं, "त्याच्याशी बोलशीन त मराच्या टायमाले माह्या तोंडात पानी घालाले येजो नको." काकांनीही आपल्या पोराला अशीच शपथ घातली असणार. आमच्याकडे अबोला पाळायचा म्हणजे नियमानं पाळतात. त्या घरचं पाणी बंद, लग्नाची पत्रिका बंद. फारच गरज पडली तर बायका भिंतीला उद्देशून बोलतात. "भिंती, सांगून दे, बकऱ्या वावरात आल्या." पलीकडची ऐकते आणि बकऱ्या हाकलते. बोलणं झालेलं नसतं, शपथ शाबूत असते.

तो अमरावतीतच राहिला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी अकोल्यात नोकरीला लागलो. मूर्तिजापूर ओलांडलं की अमरावती काय लांब आहे? पण नऊ-दहा वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग एका रविवारी नव्या खेळात मी घाव खाऊन पडलो होतो, आणि एक गडी भर गर्दीतून धावत येऊन मला पट्टी बांधायला लागला. त्याच्या डोक्यावर नाव दिसत होतं. डाव्या बैलाचं. ते नाव साऱ्या जगात दुसरं कोणी घेणं शक्य नव्हतं. माझा हात माउसवर तसाच राहिला आणि मी पुन्हा मेलो.

पुढच्या रविवारी तो त्याच वेळेला आला. त्याच्या पुढच्याही. या खेळात माइक लावून बोलता येतं, लिहूनही बोलता येतं. आम्ही दोन्ही केलं नाही. पण काही तयार आरोळ्या असतात. बटण दाबलं की आपला शिपाई ओरडतो: मदत करा, मागे फिरा, आभारी आहे, चुकलो, माफ करा. शिपाई ओरडला म्हणजे काही मी बोललो नाही, असा आम्ही दोघांनी न ठरवता सोयीचा अर्थ काढला. शेवटी आम्ही त्याच घरातले. मी मदतीला हाक मारायचो, तो यायचा. तो पट्टी बांधायचा, मी आभार मानायचो. आमचं सगळं बोलणं या तीन-चार आरोळ्यांत चालायचं, आणि त्या दोन तासांसाठी मी सोमवारपासून वाट पाहायचो.

एक बटण मात्र मी कधी दाबलं नाही. माझी तलवार आडवी फिरायची आणि माझ्या पाठीशी असलेला तो हमखास त्यात सापडायचा. अशा वेळी 'चुकलो' ओरडायची रीत आहे, अनोळखी लोकसुद्धा ओरडतात. माझं बोट तिथपर्यंत जायचं आणि थांबायचं. तलवारीबद्दल माफी मागितली तर दगडाबद्दल कधी मागणार, हा प्रश्न यायचा.  तो स्वतःची जखम बांधायचा आणि पुन्हा माझ्या पाठीशी येऊन उभा राहायचा. माफी एकदाच मागायची, दगडाचीच मागायची, समोर बसून मागायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. वडील आहेत तोवर थांबायचं, एवढंच.

काका आधी गेले. आमच्या घरातून मयताला कोणी गेलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी वडील गेले. मयताला वैर नसतं म्हणतात, तसा तो अमरावतीहून आला. मोक्षधामात सगळ्यांच्या मागे, परक्या लोकांत उभा राहिला. ज्यांच्या घरी मयत आहे त्यांनी 'ये' म्हटल्याशिवाय अबोल्यातला माणूस पुढे येत नाही. मी त्याला पाहिलं होतं. एका अक्षराचा शब्द होता आणि शपथ घालणारा समोर लाकडांवर होता. मी दुसरीकडे पाहिलं. लाज वाटली, दुसरं काही नाही. त्यानं सगळ्यांच्या शेवटी गोवरी टाकली आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो खेळात आला, जणू काही झालंच नाही. मी म्हटलं, आता बोलू, दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला जाऊ. दिवाळी गेली. उन्हाळा आला, तोही गेला.

आणि एका रविवारी तो गडी झाला नाही. तिरंदाज झाला.

इतक्या वर्षांत त्यानं दुसरा शिपाई घेतलेला मी पाहिला नव्हता. मी खाली चिखलात आणि तो लांब टेकाडावर, जागचा हलत नाही. मी पडलो, मदतीची आरोळी दिली, तो आला नाही. पुन्हा दिली, नाही आला. त्याचे बाण माझ्या कानाजवळून जायचे. चार-पाच रविवार हेच. मग माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हा मला सोडून गेला. मोक्षधामात बोलावलं नाही त्याचा राग आता काढतो आहे, आणि बाण मुद्दाम माझ्या अंगावर टाकतो आहे. साधं विचारता आलं असतं. लिहायची सोय होती. पण ज्यानं माफी मागायची तोच रुसून बसला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या हेच असणार.

मी फौज बदलली. निळ्यातून तांबड्यात गेलो. भडक्या घेतला आणि दर रविवारी मैदान सोडून सरळ त्या टेकाडावर चढायचो. तिरंदाजाजवळ पोहोचलं की तो संपलाच, त्याच्याकडे एक सुरी असते फक्त. त्यानं ती सुरी कधी उपसली नाही. मी येताना दिसलो की धनुष्य खाली करून उभा राहायचा. मी मारायचो. मला बरं वाटायचं. हे लिहायला आज अंगावर येतं, पण वाटायचं.

मग तो यायचा बंद झाला. मला वाटलं, वैतागला. महिन्याभरानं गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली हात जोडलेले.

तेरवीला मी अमरावतीला गेलो. त्याच्या घराची पायरी पहिल्यांदाच चढलो. वहिनींना मी आधी कधी भेटलेलो नव्हतो, पण त्यांनी मला ओळखलं. बाकीचे जेवायला बसल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तिथे त्याचा कॉम्प्युटर होता, त्यावर कापड टाकलेलं.

"दोन वर्ष डायलिसिसवर होते," त्या म्हणाल्या. "डाव्या हातात सुया टोचू टोचू हात सुजून गेलता. त्या हातानं बटनं दाबनं होये नाही त्यायच्यानं. मंग ते बानवाला घेत. म्हनत, याले पळा लागत नाही, एका जागी उभं राहून बी त्याच्या मांगं ध्यान ठेवता येते."

कोणाच्या मागे, हे मला कळलं होतं. तरी मी विचारलं.

"तुमच्या, भाऊजी. त्याले मांगचं दिसत नाही म्हने, लहानपनापासून. तुमच्या मांगं कोनी आला का ते तिकून बान मारत."

माझ्या कानाजवळून गेलेले ते बाण. मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं की ते कोणाला लागत होते. 

"तुमी तिकडच्या फौजेत गेले," वहिनी पुढे म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला तो हवा होता. "तवा म्या म्हटलं, सोडा आता हा खेळ. हा मानूस तुमाले दर आईतवारी येऊन मारते. त हासले. म्हने, माराले का होईना, जवळ त येते नं."

मला रडू आलं. माणसांनी भरलेल्या घरात, मोठ्यानं. रडता रडताच मी त्यांना सगळं सांगून टाकलं. दगड विहिरीकडेच होता, तो खरं बोलला होता, मी खोटं बोललो होतो, आणि मला माफी मागायची होती. इतकी वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते सांगायला एक मिनिटही लागलं नाही. वहिनींनी मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे पुसले.

"एवढंच पाह्यजे होतं त्यायले," त्या म्हणाल्या.