दोन गिअरांमधली शांतता

वैशाखातल्या उतरत्या दुपारी कुठे राब भाजल्याचा धूर नाकाशी आला, की मला आधी आठवतो तो कांद्याचा उग्र दर्प, मग तापलेल्या डिझेलचा, आणि त्या दोहोंच्या मधोमध गिअरच्या दांड्यावर विसावलेला आबांचा घट्टे पडलेला हात. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. आबा, माझे वडील, ट्रकमधून भिवंडीचं कापड नाशिकला पोचवत आणि येताना कांदा भरून आणत. भिवंडीच्या निजामपुऱ्यातलं आमचं घर एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला चिकटूनच होतं. आबांनी उमेदीची वर्षं त्याच कारखान्यात काढली होती, मग ते गाडीवर गेले. पाहुणे आमच्याकडे आले की त्या खडखडाटाने कान झाकून घेत आणि आम्ही त्यांना हसत असू.

आबा क्लच न दाबता गिअर बदलत. इंजिनाचा आवाज चढत-उतरत एका नेमक्या सुरावर आला, की दांडा नुसता बोटांनी रेटायचा. दातांत दात अलगद बसत. सूर चुकला तर मात्र गिअर पडत नाही, आणि भरलेली गाडी कोणाचीच नसल्यासारखी उताराला लागते. “क्लच दाबतो तो शिकाऊ,” ते म्हणत. “गाडी सोता सांगते, आता घे. आपुन निस्तं आयकायचं.” आईला या विद्येचं फारसं कौतुक नव्हतं. भात करपला की ती म्हणे, “याचा सूर न्हाय वाटतं कुनाला कळला?”

त्या वैशाखात नाशिकला मावशीकडून मला घेऊन आबा परत निघाले होते. कसाऱ्याचा घाट उतरण्याआधी माथ्यावरच्या देवीपुढे गाडी थांबवून घंटा वाजवायची, हा सगळ्या ड्रायव्हरांचा रिवाज. आबांनी घंटा वाजवली, मान किंचित कलती केली, आणि पुन्हा वाजवली. मग आणखी एकदा, जोराने. देवळातली कबुतरं उडाली. मला वाटलं, काही नवस असेल. गाडी रस्त्यावर घेताना मागून एक ट्रक कितीतरी वेळ हॉर्न देत होता, शेवटी तो घासून पुढे गेला आणि त्याचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “अबे, बहरा है क्या?” आबांनी हसून हात वर केला. ओळखीच्याला करतात तसा.

ऊन कलंडलं होतं, दरीतला धूर निळसर होऊन कड्यांना बिलगला होता, आणि एवढ्या उजेडातही सगळा घाट मला काळवंडल्यासारखा दिसू लागला. मी हळूच म्हटलं, “आबा, पाणी हवं?” ते समोर पाहत राहिले. थोड्या वेळाने मी तेच पुन्हा, मोठ्याने म्हटलं. ते समोरच पाहत राहिले.

तीव्र वळणाआधी त्यांनी नेहमीसारखा दांडा मोकळा केला, पाय देऊन इंजिन चढवलं आणि दांडा दुसऱ्या गिअरकडे रेटला. दात किंचाळले, दांडा उसळून मागे आला. इंजिन केव्हाच सुराच्या पुढे निघून गेलं होतं. मला ते कळत होतं, त्यांना नाही. त्यांनी पुन्हा रेटला, पुन्हा तेच. गाडी आता स्वतःच्या वजनाने धावत होती, मागे गोण्या कुरकुरत होत्या, कठड्याचे पांढरे दगड भराभर अंगावर येत होते. आबांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच भयंकर होतं. ते कशाची तरी वाट पाहत होते. ऐकू येईल, आता येईल, अशी. मी किंचाळले, तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरून गदागदा हलवला.

ते दचकले. ब्रेकवर उभेच राहिले म्हणा ना. जळक्या ब्रेकचा वास केबिनमध्ये कोंदला, आणि गाडी मंदावली तशी त्यांनी क्लच दाबून, शिकाऊ पोरासारखा, दुसरा गिअर टाकला. मला भीती वाटली होती, पण त्याहून जास्त आबांची कीव आली, आणि ती आली म्हणून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे भिवंडीपर्यंत प्रत्येक गिअरला त्यांचा पाय क्लचवर जात राहिला. पडघ्याच्या आसपास ते एकदा म्हणाले, “तुझ्या आयशीला काय सांगू नको हां,” आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे, ओठांकडे पाहिलं. मी मान हलवली.

दिवेलागणीला आम्ही निजामपुऱ्यात शिरलो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लूम ओळखीच्या आवेशात खडखडत होते, इतके की काचा थरथरत होत्या आणि कोपऱ्यावरचा चहावाला गिऱ्हाइकाशी खुणांनी बोलत होता. आबांनी घरासमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, आणि दांड्यावर हात तसाच ठेवून क्षणभर कान दिला.

“लाईट गेली का गो?” ते म्हणाले. “लूम बंद हायत आज.”

मी हो म्हणाले की नाही, ते आज आठवत नाही. त्यांना दोन्ही सारखंच होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. पलीकडे गोदामाच्या दारात उद्याच्या कापडाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या, आणि सकाळी त्या घेऊन आबांना पुन्हा घाट चढायचा होता.