बरोक छताचा रिपोर्ट

परवा घरातलं जुनं प्लॅस्टर फोडलं आणि त्या धुळीच्या वासाने मला चौऱ्याऐंशी सालातलं ओहायोमधलं, जुन्या युरोपीय बरोक शैलीत सजवलेलं थिएटर आठवलं. त्याचं छत तपासायला गेलेला मी नवखा इंजिनिअर होतो, ग्रीन कार्ड अजून व्हायचं होतं, तेही बॉसच्या मर्जीवर. छतभर सोनेरी वेली, शिंपले, गुबगुबीत देवदूत. तरुणपणी ते घडवणारा म्हातारा कारागीर शेजारी उभा होता.

“छत पक्कं आहे ना?” त्याने विचारलं.

“रिपोर्टमध्ये लिहीन,” मी म्हणालो.

छत भक्कमच होतं. पण बॉसच्या क्लायंटला तिथे पार्किंग लॉट हवा होता. मी ‘धोकादायक’ लिहिलं.

पाडणाऱ्या मशीनला ते छत चार दिवस दाद देईना. म्हातारा रोज समोरच्या फुटपाथवर उभा असे. मला पाहून त्याने हळूच मान हलवली. तो ओळख दाखवतोय, असं तेव्हा वाटलं होतं.