गुरुजींना ठाऊक नसलेली गोष्ट

बोरीच्या किशनराव गुरुजींचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली. पण मराठी निबंध कसा शिकवायचा हे त्यांना कुणी सांगितलं नाही. लहानपणी त्यांनी मजमून, म्हणजे उर्दूतले निबंध, पाठ केले होते. तसेच ते फळ्यावर निबंध लिहून देत आणि मुलं उतरवून घेत.

एकोणीसशे त्रेपन्नच्या हिवाळ्यात ते चौथीच्या पाट्या तपासत होते. प्रत्येक पाटीवर एकच वाक्य होतं, ‘आमच्या घरी पांढरी गाय आहे.’ मेंढपाळाच्या भागूनंही तेच लिहिलं होतं.

“तुझ्या घरी गाय हाय का गं?”

“न्हाई गुरुजी. मेंढरं हायेत.”

“मग गाय कशाला लिहिलीस?”

“तुमीच लिहून दिली की.”

गुरुजी ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा कोराच ठेवला. म्हणाले, “मला ठाऊक नाही अशी एक गोष्ट घरी विचारून या, अन् लिहा.”

मुलं गोंधळली. बऱ्याच पाट्या कोऱ्या आल्या. रायभाननं लिहिलं होतं, ‘गुरुजीला समदं ठाऊक हाय.’ गुरुजी हसले आणि आपल्याला काय काय येत नाही ते सांगत बसले. कडबा रचता येत नाही, मेंढी कातरता येत नाही. मुलांना लय मजा वाटली.

मग भागूनं लिहिलं, ‘मेंढी पिलाला पाजीना तर आई पिलाच्या पाठीला मीठ लावते. मेंढी मीठ चाटते अन् पिलू जवळ घेते.’ गुरुजींनी ते दोनदा वाचलं आणि वर्गालाही वाचून दाखवलं.

दोन दिवसांनी भागूची आई, अंबाबाई, शाळेच्या दारात उभी राहिली.

“पोरीनं घरी वाचून दावलं. चुकीचं लिहिलंय. मीठ पाठीला न्हाई, शेपटाजवळ लावायचं. मेंढी तिथंच हुंगते.”

गुरुजींनी तिला आत बसायला सांगितलं. ती उंबऱ्यावरच टेकली. भागूनं ओळ पुसून नवी लिहिली, वाचली. अंबाबाईनं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लिहिली गेली.

त्या दिवसापासून गुरुजींनी नेमच केला: निबंध आधी घरी वाचून दाखवायचा, घरचे म्हणतील ते दुरुस्त करायचं, मगच शाळेत आणायचा. शुद्धलेखन ते स्वतः बघत. पुढच्या शनिवारी रायभानचा बाप दत्तराव पाटी घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं.

“गुरुजी, पोरानं घरी वाचलं तवा मी रानात होतो. माझ्या मोटंबद्दल काय लिहिलंय, जरा वाचा,” असं म्हणून तो ऐकायला बसला.