सर्व्हरच्या ठरावावरची माझी सही

आमच्या महिला पतसंस्थेची मी अध्यक्ष आहे. चौथी शिकलेली बाई अध्यक्ष कशी, असं आमच्या आंजी गावात कुणी विचारत नाही. संस्थेचे व्यवस्थापक माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांना कमी बोलणारी अध्यक्ष हवी होती आणि घरात सगळ्यांत कमी मीच बोलते.

भासऱ्यांशी तर मी बोलतच नाही. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं तर जाऊबाईंमार्फत, असंच लग्नापासून चालत आलं. तेही माझ्याशी थेट बोलत नाहीत. जाऊबाईही संचालक आहेत, म्हणून मिटिंगमध्येसुद्धा त्यांच्याकडे पाहून म्हणतात, "अध्यक्षबाईले म्हना, इथं सही लागते." मी समोरच्या खुर्चीवर बसलेली असते.

सहीची मला फार लाज वाटते. मी अक्षराला अक्षर लावून सही करते, त्याला वेळ लागतो. पहिल्या मिटिंगला सगळ्या बायका माझ्या पेनाकडे पाहत बसल्या आणि माझा हात घामानं कागदाला चिकटला. त्यावर भासऱ्यांनीच तोड काढली. जाऊबाई ठरावाचं रजिस्टर घरी आणायच्या. मी स्वयंपाकघरात बसून कोऱ्या पानांच्या तळाशी सह्या करून द्यायची. वरचा मजकूर ते मागून लिहायचे. मला त्यांचे उपकारच वाटायचे.

गेल्या वर्षी पिपरी मेघेला शाखा काढायचं ठरलं आणि त्यासाठी सर्व्हर घ्यायची गोष्ट निघाली. मिटिंगच्या आधी आलेल्या कागदांत त्याचं कोटेशन होतं. मला त्यातलं काही कळलं नाही म्हणून मी फोटो काढून पुण्याला मुलीला पाठवला. ती कंप्युटरचंच काम करते. तिचा लगेच फोन आला.

"आई, हे घेऊ नका. याचा प्रोसेसर आता जुना होऊन राह्यला. दोन-तीन महिन्यांत नवा येतो, अन् तो या डब्यात बसतच नाई. त्याची बैठकच वेगळी आहे."

"मग काय होते?"

"तुझ्या मिक्सरचं पाहा ना. नव्या कंपनीचं भांडं जुन्या मिक्सरवर बसते का? तसंच. शाखा वाढली, काम वाढलं, तर यात मोठा प्रोसेसर टाकता येणार नाई. अख्खा डबा बदलावा लागन. दुकानदार जुना माल काढून राह्यला. थांबा म्हण फक्त. तीन महिने."

एवढंच म्हणायचं होतं. तीन महिने थांबा. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना मी ते मनात म्हणून पाहिलं. जाऊबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माह्यानं नाई होत बाई. त्यायच्या कामात बोललेलं त्यायले खपत नाई. तूच बोल, अध्यक्ष तू आहे."

मिटिंगला दुकानदाराचा माणूस बाहेरच्या बाकावर येऊन बसला होता. विषय निघाला तेव्हा मी टेबलाकडे पाहून म्हणाले, "थोडं थांबलं तर?"

भासऱ्यांनी जाऊबाईंना विचारलं, "काय म्हनते?"

"थांबा म्हनते. नवीन मशीन येऊन राह्यली म्हने. पोरगी सांगे पुन्याची."

आमच्यात एक रिटायर मास्तरीणबाई आहेत. त्या हसल्या. "अरे वा, अध्यक्षबाई कंप्युटरवाल्या झाल्या! आमच्या सुनेचा मोबाइल बंद पडला आहे, तेवढा पाहून द्या." सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले.

"नवीन तं रोजच येते," भासरे म्हणाले. "म्हनून काय कोनी काही घ्याचंच नाई? अन् ठराव तं मागच्याच मिटिंगले पास झाला. दाखवा त्यायले."

जाऊबाईंनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मागच्या मिटिंगची तारीख, सर्व्हर खरेदी, सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही. मागच्या मिटिंगमध्ये सर्व्हरचं नावसुद्धा निघालं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण तसं म्हणायचं तर ही सही तिथं कशी आली, तेही सांगावं लागलं असतं.

"सही तर केली तुम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग आता काऊन थांबायचं?"

मी 'काही नाही' अशी मान हलवली. ऑर्डरचं पत्र पुढे आलं. हा कागद भरलेला होता, वरचं सगळं मला वाचता येत होतं. पेन खाली ठेवता आलं असतं. सगळ्या पाहत होत्या, तो माणूसही दारात येऊन उभा राहिला होता. मी सही केली. मध्ये कुणीतरी खाकरलं, तेव्हा एक काना द्यायचा राहिला, तो मागून दिला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "सांगितलं का?"

"सांगितलं. ठराव आधीच झाला होता."

"तुझ्याबिगर कसा झाला?"

दूध उतू चाललं म्हणून मी फोन ठेवला. दूध तापवायला ठेवलंच नव्हतं.

सर्व्हर आला. नारळ माझ्याच हातानं फोडला. पिपरी मेघेची शाखा चांगली चालली, आणि ती चालली म्हणूनच काही महिन्यांत मशीन अडखळायला लागली. बायका रांगेत ताटकळायच्या. इंजिनिअर आला, उघडून पाहिलं आणि म्हणाला, यात आता काही वाढवता येत नाही, नवीनच घ्यावा लागेल.

पुन्हा मिटिंग झाली. भासरे म्हणाले, "तवा कोनाले मालूम होतं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरीणबाईंनी तेवढी हलवली नाही. "या म्हणत होत्या ना," त्या म्हणाल्या. "थांबा म्हणून. आपणच हसलो. काय हो अध्यक्षबाई, तुम्हाला माहीत होतं ना?"

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जाऊबाईंकडे नाही, माझ्याकडे. मी डोक्यावरचा पदर ओढला.

"मले काय समजते त्यातलं," मी म्हणाले.

खोलीत सगळ्यांना बरं वाटलं. कुणीतरी पंखा वाढवला, पुढचा विषय निघाला. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि मिटिंग संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.