मामांची तंबाखू मळणारा

आमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याला सगळे जावईबापू म्हणतात, कारण फोरमन मामा त्याचे सासरे. नवीन असताना त्याचा हात प्रेसखाली जाणार होता. फोरमननी तो ओढून काढला आणि स्वतःचा अंगठा गमावला. पुढे त्याच वाचवलेल्या हातात मुलगीही दिली. तेव्हापासून जावईबापू सासऱ्यांच्याच घरी राहतो आणि दिवसभर त्यांची तंबाखू मळतो. उरलेल्या अंगठ्याने मळायची, तर अंगठा गेलेल्या हाताच्या दुखऱ्या तळव्याला चुना झोंबतो. मामांना दिली की उरलेली चिमूट याच्या गालात, असा दोघांचा संसार.

याचं तोंड आखडून आत दोन बोटंही जाईनात, तेव्हा डॉक्टरांनी तंबाखू आजपासून बंद म्हणून बजावलं आणि ती सोडवायला फोनवरून मदत करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत माझ्या शेजारी बसून तो त्या बाईंशी बोलायचा. बाई गोड बोलायच्या, पण पिच्छा सोडायच्या नाहीत. तल्लफ आली की पाणी प्या, थोडा वेळ ढकला, ती ओसरते. पुडी नजरेआड ठेवा. हा नुसता हो हो करायचा, आणि पुडी याच्याच खिशात! शेवटी मीच वैतागून म्हटलं, अरे, खरं काय ते सांग की. मग त्याने मामांसाठी मळावी लागते ते सांगितलं. बाई म्हणाल्या, मामांना एकदा स्पष्ट सांगा; आधी मलाच मामा समजून म्हणून बघा. या पठ्ठ्याला तेही जमेना.

एका सकाळी यंत्रं सुरू होण्याआधी त्याने मान खाली घालून म्हटलंच, "मामा, मी आता तंबाखू मळणार नाही. माझं तोंड उघडत नाही."

मामा वाईट माणूस नाहीत, तेच तर अवघड. भांडले असते तर हा सुटला असता. त्यांनी फक्त तो अंगठा नसलेला हात पुढे केला.

"बरं. मग हा कुणापुढे करू, तेवढं सांग."

मी मळून देतो म्हणालो, तर त्यांनी हात मागे घेतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जावईबापूने मुकाट्याने पुडी काढली.

दुपारी बाईंचा फोन आला. मामांशी बोललात का, असं त्यांनी विचारलं.

"बोललो. मळतोय," तो म्हणाला. "मी खात नाही. त्यांना दिली की हात धुतो."

मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आणि मग हातांचा वास घेत बसतो."