क्रेनवरून उतरलेलं आमंत्रण

सिमेऊन ग्रुबोर पेन्सिल्वेनियातल्या एका नदीकाठच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. तो वर केबिनमध्ये, आणि खाली उभा राहून त्याला हाताने खुणा करणारा तोदोर वेयनोविच. दोघंही सर्ब, क्रोएशियाच्या लिका भागातल्या एकाच खेड्यातून आलेले. त्यात तोदोर सिमेऊनचा कूम, म्हणजे त्याच्या लग्नात पाठीशी उभा राहिलेला आणि त्याच्या मुलाला, उग्लेशाला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेला. सख्ख्या भावाशी भांडलं तर लोक समजून घेतात. कूमाशी भांडणारा माणूस कामातूनच गेला.

तरी ते भांडले. कम्युनिस्ट राजवटीतल्या बेलग्रेडहून, तिथल्या धर्मगुरूंकडून येणारा हुकूम मानायचा की नाही, यावरून अमेरिकेतल्या सर्बांमध्ये फूट पडली आणि गावात एका चर्चची दोन झाली. दुसरं समोरच्याच फुटपाथवर बांधलं, एकमेकांना शिव्या नीट ऐकू जाव्यात म्हणून असेल. सिमेऊन जुन्यात राहिला, तोदोर नव्यात गेला. एका रविवारी दोघांनी एकमेकांना देशद्रोही म्हटलं आणि बोलणं टाकलं.

खुणा मात्र चालू राहिल्या. उचल, डावीकडे, थांब, सोड. वितळलेलं पोलाद डोक्यावरून जात असताना कुणी रुसून बसत नाही. पाळी संपली की दोघं वेगवेगळ्या फाटकांतून घरी जायचे.

अशी बरीच वर्षं गेली. मग उग्लेशाचं लग्न ठरलं.

"बाप्तिस्म्याला ज्याने धरलं, तोच लग्नात उभा राहणार," सिमेऊनची बायको स्ताना म्हणाली. "बुदली घेऊन जा त्याच्याकडे."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"बोलू नकोस. नुसतं बोलावून ये."

बुदली म्हणजे लाकडी चपटी बाटली, फुलं बांधलेली, आत राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू. लग्नाचं आमंत्रण तिच्यातूनच द्यायचं. समोरच्याने घोट घेतला की तो येणार. सिमेऊन दोनदा तोदोरच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा दुकानात जायचं होतं असं दाखवून परतला.

सोमवारी क्रेनचा हुक खाली आला तेव्हा त्याला बुदली लटकत होती. तोदोरने कसलीही खूण केली नव्हती. त्याने वर पाहिलं. केबिनच्या काचेमागे सिमेऊन भलतीकडेच बघत होता. तोदोरने हातमोजे काढले, टोपी काढली, क्रॉसची खूण केली आणि चांगला लांब घोट घेतला.

वर सिमेऊनने दांड्यांवरून हात काढले आणि टोपी काढली.

तेवढ्यात फोरमन हॅनलन आला. "काय आहे हे?"

"आमंत्रण," तोदोर म्हणाला.

"आत काय आहे?"

"पाणी."

हॅनलनने वास घेतला. "हे पाणी भट्टीजवळ नेऊ नका," असं म्हणून त्याने दोघांना आठवडाभर बिनपगारी घरी पाठवलं.

फाटकाशी तोदोर थांबला. "राकिया कच्ची आहे," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीच्या आलुबुखारांची आहे."

"म्हणूनच म्हटलं. लग्न कुठल्या चर्चमध्ये?"

"माझ्या."

"तिथे मला पाय ठेवायला बंदी आहे."

"मग उडत ये."

तोदोर चालतच आला. काळा कोट घालून, जळती मेणबत्ती धरून तो उग्लेशाच्या मागे उभा राहिला, आणि समोरच्या फुटपाथवरून त्याची माणसं मान वाकडी करून बघत राहिली. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला गायकवृंदातून काढून टाकलं. त्याच्या बायकोने, येकाने, दोन दिवस रडून घेतलं. तोदोरने नवी उशी आणली आणि रविवारी उशिरापर्यंत झोपू लागला.

पुढे कारखाना बंद पडला. त्यानंतर कधीतरी दोन्ही चर्चचा समेट झाला. त्या दिवशी मैदानात कोकरं भाजायचं काम या दोन म्हाताऱ्यांकडे होतं. कोकराला मीठ आधी चोळायचं की नंतर, यावरून त्यांचं असं जुंपलं की पाद्रीबाबा आशीर्वाद अर्धवट सोडून सोडवायला आले.

"तुम्ही मध्ये पडू नका, बाबा," सिमेऊन म्हणाला. "हा माझा कूम आहे."